तेलाने ऊन अडते का? एका प्रश्नाचा दोनशे वर्षांचा प्रवास

‘तीळतेल उन्हातील अतिनील किरणांपैकी तीस टक्के किरण अडवते; खोबरेल, भुईमूग, ऑलिव्ह आणि सरकी यांची तेले सुमारे वीस टक्के अडवतात.’ या आशयाचे वाक्य आपल्यापैकी अनेकांच्या वाचनात आले असेल. सौंदर्यप्रसाधनांवरील लेखांत आणि वनौषधींवरच्या आढावा-निबंधांत ते एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे फिरत आले आहे. त्यात आकडा आहे, टक्केवारी आहे, त्यामुळे ते शास्त्रीय वाटते. परंतु विज्ञानाच्या शिक्षकाने ते वाचताच एक प्रश्न विचारायला हवा: तेलाचा थर किती जाडीचा? काचेच्या बरणीतून पाहिलेले तेल आणि हातावर चोळलेले तेल यांत फरक असणारच. जाडी सांगितल्याशिवाय ‘तीस टक्के’ या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

बरे, वादापुरते तो आकडा खरा मानू. तीस टक्के किरण अडले म्हणजे सत्तर टक्के त्वचेपर्यंत पोचले. ज्याची त्वचा वीस मिनिटांच्या उन्हात लाल होते, त्याची तेल लावल्यावर साधारण साडेअठ्ठावीस मिनिटांत होईल. खोबरेल लावले तर पंचवीस मिनिटांत. आठ मिनिटांची सवलत वाईट नाही, पण तिला ‘संरक्षण’ म्हणावे का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

गहू-सावळ्या त्वचेच्या आपल्या समाजात हा प्रश्न काहीसा ऐषआरामाचा वाटण्याचा संभव आहे. तसा तो नाही. शाळेच्या पटावरील दर काही शे मुलांत अंगावर कोडाचे पांढरे डाग असलेले एखादे मूल असते. क्वचित जन्मतः वर्णहीन असलेलेही असते. प्रार्थनेला आणि कवायतीला ही मुले इतरांबरोबरच उन्हात उभी राहतात. त्यांच्या त्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य नाही किंवा अगदी थोडे आहे, आणि ऊन तिला खरोखरच भाजते. अशा मुलाच्या पालकांना कोणी ‘अमुक बियांचे तेल लावा, नैसर्गिक आहे’ असे सांगितले, तर ते सांगणे खरे की खोटे याची किंमत त्या मुलाला मोजावी लागते. म्हणून या प्रश्नाचा इतिहास थोडा उलगडून पाहण्याचे आम्ही ठरवले.

उष्णता की प्रकाश?

तेल ऊन अडवते का, हे विचारण्यापूर्वी उन्हातले नेमके काय अडवायचे हे कळायला हवे होते. ते कळायलाच जवळजवळ एक शतक गेले.

उन्हाने कातडी भाजते ती उष्णतेने, अशीच सर्वांची समजूत होती. तव्याला हात लागला की भाजतो, उन्हाने अंग तापते आणि भाजते. यात शंका घेण्यासारखे काय होते? शंका घेतली ती लंडनचे शल्यचिकित्सक सर एव्हरार्ड होम यांनी. त्यांना पडलेले कोडे मोठे मार्मिक होते. काळा पृष्ठभाग उष्णता अधिक शोषतो, हे माहीत होते. मग जिथे ऊन सर्वांत प्रखर, त्या उष्ण कटिबंधातील माणसांची त्वचा काळी का असावी? निसर्गाने तिथे नेमकी चुकीची निवड केली आहे काय?

१८२० साली होम यांनी स्वतःच्या हातांवर प्रयोग केले. एक हात उघडा ठेवून उन्हात धरला, दुसऱ्यावर काळे कापड घातले, आणि दोन्हीकडे तापमापक लावले. काळ्या कापडाखालचा पारा अधिक चढला, म्हणजे तो हात जास्त तापला. परंतु फोड आले ते उघड्या हातावर. कापडाखालचा हात अधिक गरम होऊनही शाबूत राहिला. १८२१ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हा वृत्तांत छापून आला. होम यांचे नाव विज्ञानाच्या इतिहासात फारसे आदराने घेतले जात नाही. आपले मेहुणे व गुरू जॉन हंटर यांची हस्तलिखिते त्यांनी जाळून टाकली, हे त्याचे मुख्य कारण. पण हा प्रयोग मात्र शालेय प्रयोगाचा नमुना म्हणून दाखवावा इतका साधा आणि निर्णायक आहे. भाजणे आणि तापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने दाखवून दिले.

गंमत अशी की, भाजणाऱ्या किरणांचा शोध तोवर लागूनही गेला होता. १८०१ साली येना येथे योहान विल्हेल्म रिटर यांनी वर्णपटातील जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे, सिल्व्हर क्लोराइड सर्वांत जलद काळे पडते हे पाहिले होते. यांनाच आपली जुनी पुस्तके जंबुपार किरण म्हणत, आज आपण अतिनील म्हणतो. पण रिटरचे अदृश्य किरण आणि होम यांच्या हातावरचे फोड यांचा धागा जुळायला आणखी काही दशके लागली. १८५८ मध्ये फ्रान्सचे शार्को यांनी विजेच्या कमानदिव्याजवळ काम करणाऱ्यांच्या चेहऱ्यावरील दाह उन्हाच्या दाहासारखाच असल्याचे नोंदवले. आणि १८८९ साली स्टॉकहोमचे नेत्रवैद्य एरिक विडमार्क यांनी दिव्याच्या प्रकाशातील उष्णता पाण्याच्या थराने काढून टाकली, अतिनील भाग काचेने गाळून पाहिला आणि निर्वाळा दिला: उष्णता काढली तरी दाह होतो, अतिनील किरण काढले की होत नाही.

पुढे डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांनी स्वतःच्या हातावर शाईचा पट्टा ओढून तो उन्हात धरला. शाईखालची कातडी पांढरी राहिली, शेजारची लाल झाली. होम यांच्या कोड्याचे उत्तर या शाईच्या पट्ट्यात होते. काळी त्वचा तापते अधिक, पण इजा करणारे किरण वरच्या वर शोषून घेते. (प्रकाशोपचारांबद्दल १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच फिन्सेन यांना.)

आता अडवायचे काय ते कळले. १९२२ मध्ये जर्मनीतील हाउसर आणि फाले यांनी एकेका तरंगलांबीचा प्रकाश सुटा करून त्वचेवर टाकला आणि दाहाचा जोर २९७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतो हे मोजून दाखवले. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात २९० नॅनोमीटरच्या खालचे किरण जवळपास नसतात. वातावरणातील ओझोन ते अडवतो. म्हणजे लेपाने २९० ते ४०० हा पट्टा सांभाळायचा. त्यातला ३१५ पर्यंतचा भाग अतिनील-बी, जो चटकन भाजतो. त्यापुढचा अतिनील-ए, जो त्वचेत अधिक खोल जातो आणि सावकाश नुकसान करतो.

तेल आले ते वाहक म्हणून

या सगळ्यात तेल कुठे होते? इतिहासात शोधू गेले तर एक लक्षणीय गोष्ट दिसते. ज्यांना किरणांचे स्वरूप समजले होते, त्यांनी वनस्पतींकडे जरूर पाहिले, पण तेलासाठी नव्हे. १८९१ मध्ये जर्मनीच्या फ्रीडरिश हामर यांनी वापरून पाहिले ते क्विनीन, म्हणजे सिंकोनाच्या सालीतले द्रव्य. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे लेप बाजारात आले त्यांत हॉर्स चेस्टनट या झाडापासून मिळणारे एस्क्युलिन होते. दोन्ही द्रव्ये अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. अदृश्य किरण ती गिळतात, याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा होता. १९२८ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या लेपात बेंझिल सॅलिसिलेट आणि बेंझिल सिनॅमेट ही रसायने होती.

तेलाचा प्रवेश झाला तो १९३० च्या दशकात, आणि त्याचे कारण विज्ञानापेक्षा फॅशनमध्ये शोधावे लागते. युरोपात तोपर्यंत गोरीपान कातडी हे घरात बसून राहण्याची ऐपत असल्याचे लक्षण होते. पहिल्या महायुद्धानंतर वारे फिरले आणि समुद्रकिनाऱ्यावर पडून रापलेली कातडी ही सुटीवर जाण्याची ऐपत असल्याचे लक्षण झाले. लोकांना रापायचे होते, पण भाजून घ्यायचे नव्हते. फ्रान्समध्ये रसायनतज्ज्ञ ओजेन श्युलेर यांच्या लोरेआल कंपनीने १९३५ च्या सुमारास ‘आंब्र सोलेर’ हे सुवासिक तेल काढले. त्यात भाजणारे किरण शोषायला बेंझिल सॅलिसिलेट घातलेले होते. तेल हे ते द्रव्य विरघळवून अंगभर पसरवण्याचे माध्यम होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील औषधविक्रेते बेंजामिन ग्रीन यांनी वैमानिकांसाठी लाल रंगाच्या घट्ट पेट्रोलियम जेलीचा लेप वापरला. पुढे त्यांनीच कोकोच्या बियांचे लोणी आणि चमेलीचा वास असलेले ‘कॉपरटोन’ तयार केले. ते स्वयंपाकघरातल्या शेगडीवर शिजले आणि ग्रीन यांनी आपल्या टकलावर ते तपासून पाहिले, असे सांगतात. कॉपरटोनचा पहिला उद्देश ऊन अडवणे हा नव्हता, छान रापवणे हा होता, ही गोष्ट पुढे सोयीस्करपणे विसरली गेली. समुद्रकिनारा, ऊन आणि चमकणारे तेलकट अंग हे चित्र लोकांच्या मनात पक्के झाले. बाटलीतल्या सॅलिसिलेटचे श्रेय मात्र तेलाला मिळाले.

स्वतः तेल का अडवत नाही, हे दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याला सहज समजावून देता येईल. बियांचे तेल म्हणजे मुख्यतः ग्लिसरॉल आणि मेदाम्ले यांचे संयुग. मेदाम्लांच्या साखळीत दुहेरी बंध असतात, पण ते एकमेकांपासून दूर दूर, मध्ये किमान एक कार्बन सोडून असतात. असे एकटे बंध २०० नॅनोमीटरच्या आसपास आणि त्याखालचा प्रकाश शोषतात, आणि तो प्रकाश तर जमिनीपर्यंत येतच नाही. ३०० किंवा ३५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषायचा तर दुहेरी बंध एकाआड एक असे सलग हवेत, शक्यतो बेंझिनच्या वलयाला जोडलेले. क्विनीन, एस्क्युलिन, सिनॅमेट या सर्वांत तशी रचना आहे. शुद्ध तेलात नाही. तेलात जी अल्प प्रमाणातील इतर द्रव्ये असतात ती थोडेफार शोषतात. टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्व, २९५ नॅनोमीटरपाशी शोषते खरे, पण तेलात ते फारच थोडे असते.

उलट एका बाबतीत तेल प्रकाशाला मदतच करते. भजी बांधलेल्या कागदावर तेलाचा डाग पडला की त्यातून पलीकडचे दिसू लागते. कागदाच्या तंतूंमधील हवेची जागा तेल घेते, प्रकाश विखुरणे कमी होते आणि तो आरपार जातो. कोरड्या, कोंडा सुटणाऱ्या त्वचेचे असेच होते. सोरायसिसच्या रुग्णांना अतिनील प्रकाशाचे उपचार देताना खपल्यांवर आधी तेल लावतात ते याच कारणासाठी, प्रकाश आत जावा म्हणून.

करंज आणि बावची

मग बियांच्या तेलांची कथा इथेच संपते काय? नाही. तिचा सर्वांत रोचक भाग आपल्या अंगणातलाच आहे.

करंजाचे झाड नदीकाठी, समुद्रकिनारी आणि रस्त्याच्या कडेला सर्वत्र दिसते. त्याच्या बियांचे कडू, उग्र वासाचे, पिवळट-तपकिरी तेल पूर्वी दिव्यात जाळत आणि खरूज-नायट्यावर लावत. पुण्याच्या रानडे औद्योगिक व आर्थिक संस्थेत डी. बी. लिमये हे रसायनशास्त्रज्ञ काम करीत. ‘रसायनम्’ नावाचे रसायनशास्त्राचे नियतकालिक पुण्यातून चालवणारे ते हेच. करंजतेलातून एक स्फटिकरूप द्रव्य त्यांनी वेगळे काढले आणि १९२५ सालच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये त्याचा वृत्तांत दिला. त्याचे नाव ‘करंजिन’. एका मराठी झाडाचे नाव असे जगाच्या रसायनकोशात गेले. पुढे दक्षिणेत मंजुनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करंजिनच्या रचनेवर काम केले. १९४० च्या दशकात वॉल्टेअर येथे रंगस्वामी आणि टी. आर. शेषाद्री यांनी त्याच तेलातील दुसऱ्या द्रव्याचा, ‘पोंगामोल’चा, अभ्यास केला. तेलात करंजिन साधारण सव्वा टक्का असते आणि पोंगामोल एका टक्क्याच्या आतबाहेर. यांपैकी कोणालाही उन्हापासून संरक्षणाशी कर्तव्य नव्हते. तेल कडू का, औषधी का, आणि निसर्ग असली वलये कशी रचतो, हे त्यांचे प्रश्न होते.

पोंगामोलच्या रेणूत दोन टोकांना वलयांचे गट आहेत आणि मध्ये तीन कार्बनचा पूल. पुलाच्या दोन्ही टोकांच्या कार्बनवर ऑक्सिजन. रसायनशास्त्रात या सांगाड्याला डायबेंझॉइलमिथेन म्हणतात. दुहेरी बंधांची सलग साखळी या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचते, आणि रेणू ३५० नॅनोमीटरच्या आसपासचे, म्हणजे अतिनील-ए किरण जोरदार शोषतो. आता १९७० च्या दशकात येऊ. तोवरची बहुतेक रसायने अतिनील-बी अडवत, पण अतिनील-ए साठी चांगले द्रव्य मिळत नव्हते. स्वित्झर्लंडच्या जिवोदां कंपनीने १९७३ मध्ये एका नव्या संयुगाचे पेटंट घेतले आणि ते ‘पार्सोल १७८९’ या नावाने बाजारात आणले. आज ते ॲव्होबेंझोन म्हणून जगभरच्या सनस्क्रीनमध्ये वापरले जाते. त्याचा सांगाडा? डायबेंझॉइलमिथेनच. स्विस रसायनज्ञांना ते करंजावरून सुचले असे आम्ही म्हणत नाही. पण करंजाच्या बीमध्ये तो सांगाडा होता, आणि भारतीय प्रयोगशाळांनी तो तीस वर्षे आधी कागदावर मांडण्यास आरंभ केला होता, एवढे खरे.

याचा अर्थ करंजतेलाची बाटली म्हणजे सनस्क्रीन, असा कोणी घेऊ नये. कच्च्या तेलाची घडण झाडागणिक आणि घाण्यागणिक बदलते, काहींच्या त्वचेला ते झोंबते, आणि शुद्ध करून वास घालवला की ही उपयुक्त द्रव्येही त्यातून जातात. शिवाय लवकर भाजते ते अतिनील-बी ने. पोंगामोलचा जोर अतिनील-ए वर. मुद्दा एवढाच की, करंजतेल अतिनील शोषते ते तेल म्हणून नव्हे, तर त्यात विरघळलेल्या दोन टक्क्यांमुळे.

आणि शोषले म्हणजे वाचवले, असेही नाही. करंजाच्याच कुळातील दुसरे एक बी पाहा: बावची. आयुर्वेदात श्वित्रावर, म्हणजे कोडावर, तिचा उपयोग फार जुना. बावचीचे तेल किंवा लेप डागावर लावून तो भाग उन्हात धरायचा, अशी रीत. १९३३ मध्ये जोईस, मंजुनाथ (होय, पुढे करंजिनवर काम करणारे तेच) आणि वेंकटराव यांनी बावचीच्या बियांतून सोरॅलेन वेगळे केले. हेही अतिनील-ए शोषते. पण शोषलेली ऊर्जा घेऊन ते काय करते? सोरॅलेनचा चपटा रेणू पेशीतील डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरून बसतो आणि प्रकाश पडताच डीएनएशी पक्के बंध जोडतो, कधी कधी दोन्ही धागे एकमेकांना टाचून टाकतो. त्वचा उन्हाला कैकपटीने हळवी होते. वैद्याच्या किंवा डॉक्टरच्या देखरेखीखाली, मोजक्या उन्हात, हीच गोष्ट औषध ठरते. १९७४ पासून सोरॅलेन आणि अतिनील-ए यांचा एकत्रित उपचार आधुनिक वैद्यकातही रूढ झाला. पण ‘नैसर्गिक तेल’ म्हणून बावचीचे तेल लावून मुलाला दुपारच्या कवायतीला पाठवले, तर फोड येतील.

चांगल्या सनस्क्रीन-रेणूचे खरे कसब इथे आहे. तो ऊर्जा घेतो, क्षणार्धात स्वतः थोडा वळवळतो, आणि ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडून पुन्हा पूर्ववत होतो. ॲव्होबेंझोनलाही हे पूर्णपणे साधत नाही. उन्हात ते हळूहळू मोडते, म्हणून त्याच्या सोबतीला दुसरे द्रव्य घालावे लागते.

आकड्यांची चूक

१९५६ मध्ये जर्मनीच्या रुडॉल्फ शुल्झे यांनी लेपांची तुलना करण्याची पद्धत सुचवली, आणि १९७४ मध्ये ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ ग्रायटर यांनी ‘सूर्यसंरक्षण गुणांक’, म्हणजे एसपीएफ, रूढ केला. व्याख्या सोपी आहे. लेप लावलेली त्वचा लाल व्हायला लागणारी प्रकाशमात्रा भागिले उघड्या त्वचेला लागणारी मात्रा. मोजायचे ते माणसाच्या त्वचेवर, आणि लेप लावायचा तो चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम या दराने.

हे दोन मिलिग्रॅम लक्षात ठेवा. तेलाची घनता साधारण ०.९२ धरली तर थर होतो ०.००२२ सेंटिमीटर, म्हणजे २२ मायक्रोमीटर. प्रयोगशाळेतील वर्णपटमापकात आम्ही द्रव ठेवतो त्या चौकोनी नळीची जाडी असते एक सेंटिमीटर, म्हणजे त्या थराच्या सुमारे ४५५ पट. समजा एखाद्या तेलाने नळीत ३०० नॅनोमीटरच्या प्रकाशाचे शंभरातले नव्व्याण्णव भाग अडवले, एकच भाग पलीकडे गेला. कोणीही म्हणेल, काय प्रभावी तेल! शोषणांक २. आता बिअर-लँबर्टचा नियम लावा. शोषणांक जाडीच्या प्रमाणात असतो, म्हणून त्वचेवरच्या थराचा शोषणांक २ भागिले ४५५, म्हणजे ०.००४४. याचा अर्थ शंभरातले नव्व्याण्णव भाग पलीकडे जातात आणि एकच अडतो. तेच तेल, तोच प्रकाश. आकडे बरोबर उलटे झाले. बारावीच्या वर्गात लॉगॅरिदमचे याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

२००० साली कॅनडातील संशोधकांनी रासबेरीच्या बियांच्या तेलावर एक चांगला निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्या तेलाच्या प्रकाश-पारगमनाची तुलना टायटॅनियम डायऑक्साइड असलेल्या, एसपीएफ २८ ते ५० च्या नमुन्यांशी केलेली होती. कोणाच्याही त्वचेवर तेल लावून चाचणी केलेली नव्हती. परंतु वाचणाऱ्यांनी तुलना गाळली आणि आकडा ठेवला. ‘रासबेरीच्या तेलाचा एसपीएफ २८ ते ५०’ हे वाक्य तेव्हापासून घरगुती सनस्क्रीनच्या पाककृतींत वस्तीला आहे. २०१० मध्ये रायपूरच्या विद्यापीठातून खोबरेल, ऑलिव्ह आदी तेलांचे एसपीएफ साधारण दोन ते आठ असल्याचा निबंध आला. तिथे वापरलेले सूत्र १९८६ चे, ब्राझीलमधले. विरल द्रावणाच्या शोषणांकावरून एसपीएफ काढणारे. ते सूत्र ज्ञात रसायन घातलेल्या क्रीमवरून बेतलेले आहे, आणि तेल तर पाणीमिश्रित अल्कोहोलमध्ये नीट विरघळतही नाही. ढगाळ मिश्रणाने विखुरलेला प्रकाश यंत्राला शोषल्यासारखाच दिसतो. आमच्या मते हा आकडा तेलाचा नाही, ढगाचा आहे.

कोड असलेल्या किंवा वर्णहीन मुलासाठी म्हणूनच पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, रुंद काठाची टोपी, सावलीतली जागा आणि डॉक्टरांनी सांगितलेले, एसपीएफ लिहिलेले सनस्क्रीन, हेच उपाय. त्याची प्रार्थनेची जागा वऱ्हांड्यात बदलून देणे हे तर शिक्षकाच्या हातातले काम आहे, त्याला पैसेही पडत नाहीत. कोरड्या त्वचेसाठी संध्याकाळी खोबरेल जरूर लावावे. त्या कामात ते उत्तमच आहे.

जाडीचा मुद्दा वर्गात दाखवायचा असेल तर ब्ल्यूप्रिंटचा जुना कागद करता येतो. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची पाण्यातील द्रावणे अंधाऱ्या खोलीत मिसळून कागदावर फिरवावी आणि कागद अंधारातच वाळवावा. (फेरिसायनाइड तापवू नये आणि त्यात आम्ल पडू देऊ नये.) कागदाच्या एका भागावर कोरडे पारदर्शक प्लॅस्टिक, दुसऱ्यावर तेलाचे बोट फिरवलेले तेच प्लॅस्टिक, आणि तिसऱ्यावर त्याच प्लॅस्टिकच्या तुकड्यावर एक सेंटिमीटर तेल भरलेली सपाट काचेची बशी ठेवून काही मिनिटे उन्हात धरावे व पाण्याने धुवावे. प्रकाश पोचला तिथे कागद निळा होतो. बशीच्या काचेचा परिणाम वजा करण्यासाठी चौथ्या भागावर प्लॅस्टिकवर रिकामी बशीही हवी. खोबरेलाने हे करून झाल्यावर करंजतेलाने करावे. ते पिवळे आहे आणि हा कागद अतिनील-ए बरोबर निळ्या प्रकाशालाही जागतो. तेव्हा ठसा फिका आला तर तो पिवळेपणामुळे की पोंगामोलमुळे, हे वेगळे कसे करायचे, यावर विद्यार्थ्यांना एक तास द्यावा.